शिळं पाणी

धनराज सरांना त्या दोन जनावरांपासून काय काय मिळणार होतं, ते चैतालीला तोंडपाठ होतं. जूनमध्ये प्राचार्य निवृत्त होणार, म्हणजे खुर्ची एक. मूल्यांकन समितीच्या अहवालात प्राणिशास्त्र विभागाच्या नावाने एक परिच्छेद, आणि खुर्चीकडे जाणारी वाट त्या परिच्छेदातूनच जात होती. शहर पुरवणीत रंगीत फोटो: सर, काच, काचेमागे ते गुलाबी हसरं तोंड. ‘जिल्ह्यात पहिलाच’ असं म्हणता येईल अशी एक गोष्ट, कारण सरांना पहिलं असण्याची शाळेपासूनची सवय होती आणि दुसरा नंबर त्यांना पित्तासारखा त्रास द्यायचा. या सगळ्यात सरांनी घातलं होतं ते फक्त दारावरच्या पाटीवरचं नाव. चैतालीला काय मिळणार होतं तेही सोपं होतं. एप्रिलअखेर संपणारा अकरा महिन्यांचा करार पुढे अकरा महिने. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली चौतीस वर्षांची बाई ‘प्रयोगशाळा परिचर, कंत्राटी’ या तीन शब्दांत सात वर्षं मावली होती, आणखी एक वर्ष मावायला हरकत नव्हती. राहिले ते दोघं. मेक्सिकोतल्या कुठल्याशा तळ्यातली त्यांची जात, नाव ॲक्सोलॉटल. वीतभर लांब, अंगाने सरड्यासारखे पण जन्मभर पाण्यात राहणारे, मानेशी कल्ल्यांचे सहा तुरे बाहेर आलेले, जणू कुणी पिसं खोचलीत. त्यांना कुठलीच खुर्ची नको होती. थंड पाणी, थोडा काळोख, आठवड्यातून तीनदा गांडुळं, आणि कुणी उगाच हात लावू नये. एवढंच मागणाऱ्यांचं शेवटी काय होतं हे चैतालीला खरं तर कुणी सांगायची गरज नव्हती.

सोमवारी सकाळी साडेसातला तिने प्रयोगशाळेचं कुलूप काढलं आणि आधी आला तो वास. फिनेलचा. समिती बुधवारी येणार होती, तेव्हा अख्ख्या कॉलेजला तो येत होताच. जिन्याला, कठड्यांना, प्राचार्यांच्या केबिनबाहेर भाड्याने आणून ठेवलेल्या कुंड्यांनासुद्धा. पण इथे तो आतून येत होता. मग तिने टाकी पाहिली. टाकी चमकत होती. काच इतकी स्वच्छ की पलीकडच्या भिंतीवरचा बेडकाच्या हृदयाचा तक्ता वाचता येत होता. बदामाच्या वाळक्या पानांनी पाण्याला आलेला फिक्या चहाचा रंग गेला होता. लपायला आत ठेवलेल्या मातीच्या कुंड्यांवरची हिरवट साय गेली होती. वाळू दळून आणल्यासारखी पांढरी. आणि कोपऱ्यातल्या फिल्टरचा स्पंज, तिचा काळा, चिकट, सात आठवडे पोसलेला स्पंज, दुकानातून आणल्या दिवशी होता तसा निळा. वर सरांनी मागवलेली नवी एलईडी पट्टी भर उजेडात जळत होती. खाली दोघं जण दोन कोपऱ्यांत तोंड घालून बसले होते, शिक्षा केलेल्या पोरांसारखे. गोरटीचे तुरे पुढे वळले होते. सावळ्याच्या शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं होतं. ही नावं कुसाबाईने ठेवली होती. सर त्यांना लॅटिन नावानेच हाक मारत आणि ती ओ देत नाहीत म्हणून नाराज होत नसत, कारण हाक मारताना समोर नेहमी कुणीतरी तिसरंच माणूस असायचं.

थर्मामीटर एकोणतीस दाखवत होता. सोळा ते अठरा पाहिजे; वीसच्या पुढे त्यांचा जीव कासावीस व्हायला लागतो. नाशिकच्या मार्चात दुपारी छत्तीस होतात, आणि पाणी थंड ठेवणारं यंत्र सरांच्या मते ‘पुढच्या टप्प्यात’ यायचं होतं, म्हणून जानेवारी संपल्यापासून चैतालीचा दिवस दोन-दोन लिटरच्या गोठवलेल्या बाटल्यांभोवती फिरत होता. आठला दोन आत, बाराला दोन बाहेर दोन आत, चारला पुन्हा. पाण्याच्या तोंडावर टेबलफॅन. बाजूंना थर्माकोल. तिने कपाटातून तपासणीच्या बाटल्या काढल्या, काचनळीत टाकीचं पाणी घेतलं, थेंब मोजून टाकले आणि हलवलं. पाणी पिवळं राहायला हवं होतं. ते हिरवं झालं, कोवळ्या मिरचीसारखं, मग त्याहून गडद. तिने नळी तक्त्याला लावून पाहिलीसुद्धा नाही. हा रंग तिला माहीत होता, पहिल्या तीन आठवड्यांत तो रोज भेटायचा. तेव्हा टाकीत कुणी राहत नव्हतं एवढाच फरक.

तेव्हा सर रोज विचारायचे, “अगं, अजून रिकामीच?” मासे तर लोक संध्याकाळी आणतात आणि रात्री सोडतात, त्यांच्या मेहुण्यांनी हॉलमध्ये तसेच सोडले होते, ईशान्य कोपऱ्यात, आणि चांगले वर्षभर जगले. चैतालीने त्यांना सांगितलं होतं, प्राणिशास्त्राच्या विभागप्रमुखाला जितकं हळू सांगता येतं तितकं हळू. प्राण्याची घाण म्हणजे अमोनिया, तो विष. एक जातीचे जंतू तो खातात आणि दुसरं विष करतात. दुसऱ्या जातीचे ते खातात आणि जरा सोसवेल असं काहीतरी उरतं, ते आठवड्याच्या आठवड्याला थोडं पाणी बदलून काढून टाकायचं. हे जंतू बाटलीत विकत मिळतात, पण विकत आणलेले टिकतीलच असं नाही. स्पंजात, वाळूत, काचेवरच्या बुळबुळीत त्यांचं बिऱ्हाड बसायला सहा-सात आठवडे जावे लागतात. तोवर टाकीत रोज थोडं विष आपणच टाकायचं आणि ते नाहीसं होण्याची वाट बघायची. सर म्हणाले होते, “म्हणजे आपण दोन महिने पाण्याला खाऊ घालणार?” आणि स्वतःच हसले होते. घरी आबांना तिने मोबाइलवर त्या रिकाम्या टाकीचा फोटो दाखवला तेव्हा तेही हसले होते, पण नंतर डाव्या हाताने हनुवटी खाजवत म्हणाले होते, “म्हणजे नव्या मशीनसारखं. पहिला महिनाभर माल खराबच निघतो. तो फेकायची तयारी नसली की माणूस मशीनला शिव्या देतो.” आबा, म्हणजे तिचे वडील कोंडाजी, सातवी पास. तिला तेव्हा वाटलं होतं, दाराच्या पाट्या आणि आतली डोकी यांची एकदा अदलाबदल करून बघायला पाहिजे.

तिने दोन टब काढले. जारमध्ये तिचं स्वतःचं साठवलेलं पाणी होतं, औषधाचे थेंब टाकून क्लोरीन मारलेलं, फ्रीजमध्ये गार केलेलं, नेहमीच्या बदलासाठीचं. ते बाहेर ठेवलेल्या जारमधल्या पाण्यात मिसळून, तापमान हळूहळू उतरवत ती दोघांना जाळीने नव्हे, हाताच्या ओंजळीने उचलू लागली. जाळीत तुरे अडकतात. गोरटीच्या पाठीवरून पातळ पापुद्रा सुटून तिच्या बोटाला लागला. उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा. चैतालीच्या तोंडातून शिवी गेली, आणि ती नेमकी कुणाला घातली हे तिला ठरवता आलं नाही, कारण त्याच क्षणी दारात कुसाबाई उभी होती, हातात झाडू, तोंडभर हसू.

“काय ताई, कशी केली? आरसा!”

कुसाबाई एकतीस वर्षं या कॉलेजात झाडत होती. पेठ तालुक्याकडची. आवारातल्याच खोलीत राहायची, आणि चैताली नसेल तेव्हा बाटल्या बदलायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलेलं होतं.

“मावशी, कशाने धुतलंत?”

“कशानं म्हंजे? आधी ब्लिचिंग. फिनेल नुसतं भायेरून, आत नाय टाकलं, मला काय तेवढं समजत नाय व्हय? मंग साध्या नळाला लावून चार येळा. आन् तो काळा स्पंज! त्याच्यातून अशी माती निघाली, अशी माती, का बास. कधी धुतलाच नव्हता का गं तू?”

“यांना कुठे ठेवलं होतं?”

“बादलीत. मंग नळाचं ताजं पानी भरलं. एक थेंब शिळं नाय ठेवलं.” मग चैतालीचा चेहरा पाहून तिचं हसू हळूहळू उतरलं. “का गं? चुकलं का काय?”

ताजं. चैतालीच्या डोळ्यांपुढे आई आली. भिमाबाई रोज पहाटे हंडा उपडा करायची, कालचं पाणी तुळशीला नाही तर कढीपत्त्याच्या कुंडीला, आणि नवं भरल्याशिवाय चहाचं आधण ठेवायची नाही. पाहुण्याला शिळं पाणी देणं म्हणजे घराची अब्रू गेली. या शहरात सकाळी नळ येतो तेव्हा लाखभर बाया हेच करतात, आणि त्यातली प्रत्येक जण बरोबर असते. कुसाबाईने घरच्या देवाला दिलं असतं ते पाणी या दोघांना दिलं होतं. तिच्यावर रागवायचं कुठून, ते टोकच सापडत नव्हतं. राग मात्र आलेला होता, आणि त्याला जायला कुणीतरी लागत होतं.

“तुम्हाला धुवायला कुणी सांगितलं?”

“सरांनी. शनवारी, तू लग्नाला गेल्यावर. म्हनले, कुसाबाई, कमिटी येनार, हे डबकं दिसतंय, वास मारतंय, काच अशी झाली पायजे का त्यात त्यांचं तोंड दिसलं पायजे. मी म्हनलं ताईला इचारते. तर म्हनले, ताईला काय इचारायचं, विभाग कुनाचा हाय.” ती जरा थांबली. “तरी मी फोन लावला तुला. दोनदा.”

लावला होता. शनिवारी दुपारी मनमाडला मावसबहिणीच्या मुलीच्या हळदीत चैतालीने पर्समधला फोन थरथरताना पाहिला होता, त्यावर ‘कुसामावशी’ वाचलं होतं, आणि तिला वाटलं होतं, रजेचा अर्ज लिहून हवा असेल. मांडवात बेंजो चालू होता. सोमवारी बघू, असं म्हणून तिने फोन उलटा ठेवला होता. आणि त्या शनिवारच्या रजेचंही आता लक्षात आलं. सात वर्षांत सरांनी रजा कधी एका फटक्यात दिली नव्हती. या वेळी ती मागायच्या आत मिळाली होती. “जा ना, लग्न आहे, माणसाने माणसांत जावं.” तिला बरं वाटलं होतं. तिने मनातल्या मनात त्यांचे आभारसुद्धा मानले होते, आणि ते आभार आता परत कसे घ्यायचे हा प्रश्न होता.

सर साडेदहाला आले. आधी त्यांनी काचेत आपलं तोंड पाहिलं, खरंच पाहिलं, भांगावरून हात फिरवला, आणि मग म्हणाले, “टाकी रिकामी का?”

“सर, अमोनिया वाढलाय. कल्ले भाजलेत दोघांचे.”

“भाजलेत? पाणी एवढं गरम होतं?”

“क्लोरीनने, सर. नळाचं पाणी थेट भरलं.”

“मग काढ ना ते क्लोरीन. दोन दिवस आहेत हातात.”

“क्लोरीन निघेल. जंतू येणार नाहीत दोन दिवसांत. स्पंज धुतला ना, सगळे गेले.”

“जंतू गेले तर चांगलंच की!” सर मोठ्याने हसले, मग आपण कुठल्या विषयाचे प्रमुख आहोत हे त्यांना आठवलं असावं, कारण ते हसू त्यांनी रुमालाने पुसून टाकलं. “हे बघ चैताली. मला तत्त्वं नकोत. बुधवारी अकरा वाजता दोघं काचेत पाहिजेत. तू करशील काहीतरी. तुमच्या हाताला सवय असते.”

तुमच्या. तो एक शब्द त्यांनी सहज वापरला, टेबलावरचा कागद सरकवावा तसा, आणि ते निघून गेले. कसली सवय ते बोलले नाहीत. सुशिक्षित माणसं वाक्य तिथेच थांबवतात, पुढचं ऐकणाऱ्याने आपल्या खर्चाने पुरं करायचं असतं. तिने टबात बर्फाची छोटी बाटली ठेवली. सर ऑगस्टमध्येही असेच सहज बोलले होते, जनावरं अजून पुण्याहून यायचीही होती तेव्हा, ती नोंदणीचे फॉर्म भरत होती आणि सर मागून येऊन म्हणाले होते, एक आयडिया आहे. त्या जनावरांतल्या एकाचं एक बोट. फक्त एक. समितीच्या दोन महिने आधी कापलं की समिती येईपर्यंत अर्धं उगवलेलं असेल, जिवंत प्रात्यक्षिक दाखवता येईल. तिने सांगितलं होतं, सर, त्याला परवानगी लागते, प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणारी समिती आपल्याकडे नाही. “अगं, बोटच ना? परत येतंच ना त्यांचं.” ते प्रकरण परवानगीच्या भीतीने तिथेच मिटलं, पण ‘परत येतंच ना’ तिच्या कानात राहून गेलं. आबांची दोन बोटं अंबडच्या एका कारखान्यात, पॉवर प्रेसखाली गेली तेव्हा ती तिसरीत होती. मालकाचा माणूस दवाखान्यात सफरचंदं घेऊन आला होता. म्हणाला होता, कोंडाजी, डावाच हात होता, नशीब समज. अपघाताच्या कागदावर लिहिलं गेलं, कामगाराने निष्काळजीपणे हात आत घातला. हात आत घातल्याशिवाय पत्रा त्या साच्यात बसतच नव्हता, हे त्या खात्यातल्या सत्तर माणसांना ठाऊक होतं आणि सत्तरही जण त्या दिवशी खाली बघत होते. आबा त्यांच्यावर कधी रागावले नाहीत. म्हणायचे, त्यांना संध्याकाळी घरी जायचं होतं. चैतालीला मात्र ती सफरचंदं अजून आठवतात, लाल, चकचकीत, आणि आईने ती एकेक करून गल्लीतल्या पोरांना वाटून टाकली ते. घरात एकही ठेवलं नाही.

मंगळवारी तिने टाकी पुन्हा उभी केली. सगळं पाणी काढलं, वाळू तीनदा गाळून फिनेलचा वास नाहीसा होईपर्यंत धुतली, पाणी औषध घालून भरलं, सगळ्या बाटल्या एकदम लावून ते एकोणीसपर्यंत खाली आणलं. सात आठवड्यांचं काम एका दिवसात होत नाही, पण सात आठवड्यांचं नाटक होतं. काही तास ते निभेल असं तिने स्वतःला सांगितलं. अकरा ते साडेअकरा. मग परत टबात. ती स्वतःवरही चिडली होती, कारण नकार द्यायचा तर सोमवारीच द्यायला हवा होता, आणि आता ती सरांच्या फोटोसाठी मान मोडून बर्फ वाहत होती, चांगलं वाहत होती, नेहमीसारखं मन लावून. कुसाबाई दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

“गोरटी खाती का?”

“नाही.”

“माझ्या हातानं देऊ का गांडूळ? माझ्या हातानं खाती ती.”

चैताली म्हणाली, आज नको. कुसाबाई मान हलवून गेली. एवढं तुटक बोलायची गरज नव्हती, पण ज्याच्याशी तुटक बोलायचं तो केबिनमध्ये भाषण पाठ करत बसला होता.

बुधवारी पावणेअकराला तिने दोघांना टाकीत सोडलं; अकराची समिती साडेतीनला प्रयोगशाळेत आली. आधी दीपप्रज्वलन लांबलं, मग शाली, मग जेवण, मग द्राक्षांच्या पेट्यांसोबत फोटो. चैतालीला टाकीपासून हलायची आणि टाकीत हात घालायचीही बंदी होती. बाटल्या तरंगताना दिसल्या तर कसं दिसेल? थर्माकोल काढलेला. एलईडी पट्टी पूर्ण उजेडात. बाराला बावीस, एकला चोवीस. दोनला तिने बंदी मोडून केबिनमध्ये जाऊन सांगितलं, सर, दहा मिनिटं काढते त्यांना. सर पाहुण्यांकडे बघून हसतच, ओठ न हलवता म्हणाले, “हात लावू नकोस.” तीनला गोरटी वर आली, वेडीवाकडी, पोट एका बाजूला, आणि तिथेच राहिली. मग पाच जण आले, त्यांच्या मागे फोटोग्राफर, त्याच्या मागे फुलांचा वास. सरांनी हाताने काच दाखवून सुरुवात केली, जिल्ह्यातला पहिलाच, अवयव पुन्हा उगवण्याची अद्भुत क्षमता, आमचे विद्यार्थी स्वतः सगळी निगा राखतात. फ्लॅश तीनदा उडाला.

“ये ऊपर क्यों है?” समितीतल्या एक वयस्कर बाई पुढे वाकून विचारत होत्या. सुती साडी, चष्मा गळ्यात. “सो रहा है?”

“निशाचर आहे मॅडम. आय मीन, नॉक्टर्नल.”

“टेंपरेचर कितना रखते हैं?”

“रूम टेंपरेचर, मॅडम.”

बाईंनी सरांकडे पाहिलं नाही. त्यांनी भिंतीशी उभ्या असलेल्या, ॲप्रन घातलेल्या, विद्यार्थिनी वाटणार नाही इतपत वयाच्या एकमेव बाईकडे पाहिलं. आणि चैताली बोलली. “सत्ताईस है. सोला-अठरा होना चाहिए.” एवढंच. सात वर्षांत या खोलीत तिने पाहुण्यांसमोर उच्चारलेलं पहिलं वाक्य. तिला ते आपलंच वाटलं नाही, आणि त्याच वेळी छातीतून एक दगड खाली उतरल्यासारखं हलकं वाटलं. बाईंनी चष्मा लावला, छोट्या वहीत काहीतरी लिहिलं. समिती प्रयोगशाळेत चार मिनिटं होती. ती गेल्या गेल्या चैतालीने दोघांना टबात घेतलं. सावळा हळूहळू तळाला जाऊन बसला. गोरटी गुरुवारी सकाळी गेली. तिचा फोटो शुक्रवारच्या पुरवणीत आला, सरांशेजारी, आणि फोटोत ती नेहमीसारखी हसत होती. त्यांच्या तोंडाची ठेवणच तशी, मेल्यावरही तक्रार केल्यासारखी दिसत नाही.

समितीने जाताना श्रेणी चांगली मिळेल असं सूचित केलं, विभागाचं कौतुक केलं, आणि शेवटी एक ओळ जोडली: प्राण्यांच्या निगेतील त्रुटीबाबत खुलासा मागवावा. ती ओळ चैतालीची होती. तिला ठाऊक होतं, सरांना ठाऊक होतं. शनिवारी सरांनी तिला बोलावलं आणि एक टाइप केलेला कागद समोर ठेवला. ‘सफाई कर्मचारी श्रीमती कुसाबाई यांनी कोणाचीही परवानगी न घेता, स्वतःच्या मर्जीने प्राण्यांची टाकी रसायनांनी धुतली.’ खाली कुसाबाईच्या सहीची जागा, त्याखाली साक्षीदार, प्रयोगशाळा परिचर.

“मला तुझ्यावर काही ढकलायचं नाही,” सर म्हणाले. आवाज मऊ होता, खरोखर मऊ. “तू बोललीस ते मी विसरलो. सोमवारपर्यंत सही करून आण. करारांच्या फायली मंगळवारी वर जातात.”

रविवारभर ती भाषण तयार करत होती. आईला लसूण सोलून देताना, आबांच्या शर्टाचं बटण लावताना, सावळ्याचं पाणी बदलायला कॉलेजात जाऊन येताना, स्कूटरवर, हेल्मेटच्या आत, मोठ्याने. सर, हात आत घालायला कुणी सांगितलं होतं ते आधी लिहा. सर, विभागाच्या प्रमुखाला जंतू म्हणजे काय ते ठाऊक नाही हे लिहा. सर, मी ही सही करणार नाही. द्वारका चौकात सिग्नलला शेजारचा रिक्षावाला तिच्याकडे बघून म्हणाला, “मॅडम, फोन नंतर करा, सिग्नल सुटला.” तिला वाटलं, या एका वाक्यासाठी सात वर्षं साठली होती. खाली बघणाऱ्या सत्तरांतली एक ती होणार नव्हती. नोकरी जाईल, जाऊ दे. आबांना सांगेन, तुम्ही नाही बोललात ते मी बोलले. सोमवारी केबिनच्या दारात तिने श्वास घेतला आणि कागद टेबलावर सहीविना ठेवला.

“सर, मी यावर...”

“अगं, राहू दे आता ते,” सर म्हणाले. “साक्षीदाराची गरज नाही. कुसाबाईंनी स्वतःच लिहून दिलं.” त्यांनी दुसरा कागद पुढे केला. वहीचं फाडलेलं पान, बहुधा नातीकडून लिहून घेतलेलं, कारण अक्षर शाळेतलं होतं. मी कुणाला न विचारता टाकी धुतली, चूक माझी आहे. खाली कुसाबाईची सही, मोठमोठी अक्षरं, ओळीबाहेर गेलेली. “समजूतदार बाई आहे. तू काय म्हणत होतीस?”

एवढं मोठं वाक्य तोंडात होतं आणि ते ऐकायला समोर कुणी उरलं नव्हतं. टेबलाच्या कडेला तिच्या कराराची फाइल होती, वर मुदतवाढीच्या शिफारशीचा शेरा मारलेली.

कुसाबाई जिन्याखाली झाडू बांधत बसली होती.

“मावशी, सही का केलीत?”

“मंग? तू करनार व्हतीस?”

“मी नाही म्हणून सांगायला गेले होते.”

“गेली व्हतीस ना. म्हंजे गेलीच असती कामावरून.” तिने सुतळी दातात धरून ओढली. “मला काय करत्यात? मी परमनंट हाय. सव्वा वरीस राह्यलंय. मला मेमो देतील, आनखी काय देतील? तुला तर मेमो बी द्यायला लागत नाय. नुसता नवा कागद द्यायचा नाय, झालं.”

“पण ते खोटं आहे. तुम्ही मला फोन केला होता. विचारलं होतंत.”

“तू उचलला का?”

कुसाबाईने तिला टोचायला ते म्हटलं नव्हतं. नुसती गोष्ट काय झाली ते म्हटलं होतं.

“आन् धुतलं तर मीच ना, या हातानं. गोरटी माझ्या हातानं खायची गं. मला कुनी सांगितलं नाय का शिळ्या पान्यात बी जीव ऱ्हातो म्हनून.” मग एकदम मान झटकून, “तुझ्यावर उपकार नाय केला, तोंड वाकडं करू नको. नवी कोन आली असती तर मला या वयात तिचं नाव पाठ करायला लागलं असतं.”

“मेमो सेवापुस्तकात लागेल, मावशी.”

“लागंल. निवृत्तीला ते सर्टिफिकीट देत्यात ना, ‘निष्कलंक सेवा’ लिवलेलं, त्याच्यातला तेवढा एक शब्द नाय लिवनार. सुनेला वाचता येतं, नातीला बी येतं.” ती झाडू हातावर आपटून बघत होती, घट्ट बसलाय का. “सांगन, शाई संपली व्हती.”

चैताली वर प्रयोगशाळेत आली. सावळ्याच्या टबातलं पाणी बदलायची वेळ झाली होती. ती जार उचलून उभी राहिली आणि कुणी न सांगता सगळं डोक्यात मांडलं गेलं. सरांना परिच्छेद मिळाला, फोटो मिळाला, जूनमध्ये खुर्ची मिळेल. कॉलेजला श्रेणी. समितीला शाली आणि द्राक्षं. चैतालीला अकरा महिने. भरलं दोघींनी. गोरटीने जीव भरला. कुसाबाईने एक शब्द भरला, जो कमवायला तिला एकतीस वर्षं लागली होती. आणि या सगळ्यात आठवडाभर संतापलेली अशी एकटी चैताली होती. तिच्याकडून कुणी काहीच घेतलं नव्हतं.